परतीचं तिकीट शनिवारचं

सोमवार, २० जानेवारी २०२५

आधी कबुली देऊन टाकतो. ग्वाल्हेरला जायचं तिकीट काढताना परतीचं मी शनिवार २५ तारखेच्या रात्रीचं काढलं. शनिवारी सकाळी आमचा साखळीतला शेवटचा सामना, रविवारी सेमीफायनल, सोमवारी फायनल. म्हणजे रविवारी आपलं तिथे काही काम नसणार, हे मी तिकीट काढतानाच ठरवून मोकळा झालो होतो. तेही अकरा वर्षं या संघाच्या मागे फिरल्यावर!

संघ म्हणजे पिंपरीचा मुलींचा एक हॉकी क्लब. मी नेहरूनगरला, मेजर ध्यानचंद मैदानापासून चालत सात मिनिटांवर राहतो. टपाल खात्यातून निवृत्त झालो, तेव्हा डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. मी सात मिनिटं चालतो, उरलेला वेळ जाळीबाहेर उभा राहून यांचा सराव बघतो. तरुणपणी खडकीला राइट हाफ खेळायचो. आता उजवा गुडघा जिना चढतानाही कुरकुरतो.

ही सहा संघांची छोटी निमंत्रितांची लीग. प्रत्येकाशी एकदा खेळायचं, पहिले चार सेमीफायनलला. पहिला टप्पा महिन्याच्या सुरुवातीला भोपाळला झाला. तिथे ग्वाल्हेरने आम्हाला ४-० आणि भोपाळने ३-१ असं धुतलं. दोन सामने, शून्य गुण, गोलफरक उणे सहा. उरलेले तिन्ही सामने ग्वाल्हेरला: रायपूर, झाशी, नागपूर. कागदावर मांडलं तर जमण्यासारखं होतं. कागदावर काय, सगळंच जमतं.

मुली पलीकडच्या डब्यात होत्या. बर्थखाली स्टिकांच्या लांबोळक्या बॅगा, आणि गोलकीपरच्या पॅडांची ती बोजड थैली दाराजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात. मनमाडला एकाने हमालाला विचारलं, ‘‘हे काय, गाद्या आहेत का?’’ गोलकीपर वरच्या बर्थवरून म्हणाली, ‘‘हो काका, माझ्या.’’

मंगळवार, २१ जानेवारी

सकाळी इटारसी. चहा घ्यायला उतरलो तेव्हा आमची धाकटी फॉरवर्ड फलाटावर उभी राहून गावाच्या दिशेने बघत होती. विवेक सागर प्रसाद इथलाच, इटारसीजवळच्या खेड्यातला. टोकियोला कांस्यपदक मिळालेल्या संघात होता. तिने पाटीबरोबर फोटो काढून घेतला.

झाशीनंतर धुकं. खिडकीतून शेत दिसायचं, मग अर्धं शेत, मग काहीच नाही. दुपारी पोचणारी गाडी सात वाजता पोचली. उतरताना सामान मोजण्याच्या गडबडीत संघाचे मॅनेजर सर माझ्याजवळ आले. ‘‘काका, तुमचं परतीचं कधीचं?’’

‘‘शनिवार रात्रीचं.’’

ते गप्प झाले. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, ‘‘आमचंही तेच.’’

अठरा मुली, कोच मॅडम आणि स्वतः सर. वीस तिकिटं. बजेटचं काहीतरी सांगू लागले, मी मान हलवली. एकाच दुकानातून उचललेला माल दोघांच्या खिशात निघावा, तसे आम्ही दोघं एकमेकांपासून जरा लांब चालत स्टेशनबाहेर आलो.

मी मामाकडे उतरलो, ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, दौलतगंजला. मामाचं घराणं पाच पिढ्या इथे आहे. वाड्याचे तीन भाग विकले गेले, एक उरलाय. त्यात देवघर, जिना आणि मामा-मामी. मामाची मराठी इथल्या जुन्या मराठी घरांची, हिंदीत भिजवलेली. ‘‘लाइट चालली गेली होती, आत्ताच आली.’’ ‘‘चाय घे, ठंडी होईल.’’ मामीचं माहेर मात्र नागपूर, महाल भागातलं. पन्नास वर्षं ग्वाल्हेरला राहूनही तिचं ‘‘जेवून घ्या नं जी’’ गेलेलं नाही.

मी जेवताना सहा संघांची नावं सांगितली. नागपूर म्हटल्यावर मामीने पोळी तव्यावर तशीच ठेवून वळून पाहिलं. ‘‘आमच्या नागपूरच्या पोरी आल्यात? अन् तू मला आत्ता सांगून राहिला?’’

मामा म्हणाला, ‘‘झालं. आता शनिवारी घरात बंद.’’

बुधवार, २२ जानेवारी

सामने कंपूच्या टर्फवर. कंपू म्हणजे जुन्या छावणीचा भाग, ‘कॅम्प’चं इथे कंपू झालंय. मध्य प्रदेशची महिला हॉकी अकादमी इथेच, २००६ साली सुरू झालेली. या शहरात मुलगी स्टिक घेऊन टेम्पोत चढली तर कुणी वळून बघत नाही. भारतीय संघातून खेळलेली इशिका चौधरी याच गावची. पिंपरीत अजूनही आमच्या मुलींना बसमध्ये विचारतात, ‘‘हे काय, क्रिकेटचं आहे का?’’

सामना आठचा. आठ वाजता धुकं इतकं की एका डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, उभ्या असलेल्या अंपायरला समोरचा गोलपोस्ट दिसत नव्हता. नऊ वाजता निम्मं मैदान दिसलं. सव्वानऊला टर्फवर पाण्याचे फवारे सुरू झाले. मी जर्किनवर मफलर गुंडाळून बसलो होतो, मला बघूनच हुडहुडी भरली. पण निळ्या टर्फवर पाणी मारल्याशिवाय खेळता येत नाही. कोरड्यावर चेंडू अडकतो, आणि पडलं की कातडी सोलवटून निघते.

रायपूरला आम्ही ३-१ हरवलं. त्या मुली आमच्याहूनही गारठल्या होत्या, एवढंच कारण देता येईल. पहिले दोन गोल पहिल्या दहा मिनिटांत. त्यानंतर आमचा खेळ नेहमीसारखा विस्कटला.

पण तीन गुण. मैदानावरून परतताना मी टेम्पोत बसून हिशेब केला: ग्वाल्हेर नऊ, भोपाळ नऊ, झाशी चार, आम्ही तीन, नागपूर एक, रायपूर शून्य. आम्ही चौथे! दोन तास तरी चौथे. संध्याकाळपर्यंत कुठला सामना नव्हता, म्हणजे दिवसभर चौथे.

घरी आल्यावर मी मामाच्या नातवाला सहज विचारलं, तिकीट रद्द केलं तर किती पैसे कापतात? तो म्हणाला, ‘‘आजोबा, रद्द करायचं आहे का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही रे, विचारून ठेवलं.’’

गुरुवार, २३ जानेवारी

सुट्टीचा दिवस. सर मुलींना गाव दाखवायला निघाले, मीही चिकटलो. मामाही निघाला, ऐंशी पार केलेला माणूस, कानटोपी घालून.

पहिल्यांदा मामाच्या आग्रहाने कॅप्टन रूपसिंग स्टेडियम. मुलींचा उत्साह दारातच मावळला, कारण आत क्रिकेटचं मैदान. रूपसिंग म्हणजे ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. शिंद्यांच्या सैन्यात नोकरी केली, इथेच राहिले, १९७७ च्या डिसेंबरात इथेच गेले. त्यांच्या नावाचं हे मैदान आधी हॉकीचंच होतं, पुढे क्रिकेटचं झालं. १९८८ मध्ये इथे पहिला एकदिवसीय सामना झाला. २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनने इथेच द्विशतक ठोकलं, तेव्हापासून लोक हे मैदान त्याच्यामुळे ओळखतात. आता तर आंतरराष्ट्रीय क्रिकेटही शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर गेलं आहे.

मामाने काठी टेकवत मुलींना गोळा केलं. ‘‘१९३२, लॉस एंजेलिस. अमेरिकेविरुद्ध २४-१. ध्यानचंदचे किती?’’

कॅप्टनने उत्तर दिलं, ‘‘आठ.’’

‘‘आणि रूपसिंगचे?’’

कुणालाच माहीत नव्हतं.

‘‘दहा! भावापेक्षा दोन ज्यादा. आणि नाव कुणाचं? भावाचं.’’ मामा असा तावातावाने सांगत होता, जणू काल रात्रीचा अन्याय. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘मी त्यांना पाहिलं आहे. खेळताना नाही. बुजुर्ग झाले होते.’’ पुढे काही बोलला नाही. एवढंच सांगण्यासाठी त्याने आम्हाला इथे आणलं असावं.

(घरी मामीने सांगितलं की ही गोष्ट तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो, आणि १९७५ च्या वर्ल्ड कपच्या फायनलला पाकिस्तानविरुद्ध अशोककुमारने मारलेला गोल रेडिओवर ऐकताना त्याने पितळेचा तांब्या कसा फेकला, तेही. त्या तांब्याला अजून पोचा आहे. मी पाहिला.)

जयविलास पॅलेस बाहेरूनच. तिकीट वीस जणांचं झालं असतं. दरबार हॉलच्या झुंबरांसाठी छतावर हत्ती चढवून छत पेलतंय का ते पाहिलं होतं, ही गोष्ट मी रस्त्यावरूनच सांगून टाकली. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी मुली आपोआप गप्प झाल्या. एकीने चप्पल काढली, मग सगळ्यांनी.

मग किल्ला. चढावर चतुर्भुज मंदिर लागतं, एका खडकातून कोरलेलं, इवलंसं. गाड्या थांबत नाहीत, लोक बघत नाहीत. आत भिंतीवर शिलालेख आहे, इसवी सन ८७६ चा. देवळाच्या बागेसाठी दिलेली जमीन १८७ हात बाय २७० हात, आणि देवाला रोज पन्नास माळा. त्या २७० आणि ५० मध्ये शून्य आहे, आपण आज काढतो तसंच गोल, इतर आकड्यांपेक्षा बारीक. भारतात कोरलेल्या जुन्यात जुन्या शून्यांपैकी हे एक.

आमची गोलकीपर त्याच्यासमोर बसलीच. मोबाइलचा टॉर्च लावून नाक भिंतीला टेकेपर्यंत वाकली. ‘‘काका, हेच का?’’

‘‘हेच.’’

‘‘एवढंसं?’’

मी म्हटलं, एवढंसंच असतं. ती म्हणाली, ‘‘मला या सीझनला एकही मिळालं नाही.’’ मला कळायला क्षणभर लागलं. ती तिच्याकडच्या शून्याबद्दल बोलत होती, गोल न खाल्लेल्या सामन्याबद्दल. गुणांच्या तक्त्यातलं शून्य मात्र भरपूर मिळालं होतं. ती पाठीमागून कुणीतरी हाक मारेपर्यंत बसून राहिली. मी तिला एवढं स्थिर फक्त शॉर्ट कॉर्नरच्या, म्हणजे समोरच्या संघाला गोलजवळ मिळणाऱ्या पेनल्टीच्या, आधी पाहिलं आहे.

उतरताना धाकटीने मामाला विचारलं, ‘‘आजोबा, इथे फालके बाजार आहे ना? आमच्या वैष्णवी फाळकेंचा काही संबंध?’’ वैष्णवी फाळके भारताकडून खेळते, फलटण तालुक्यातल्या आसूची. मामाने गंभीरपणे सांगितलं की फाळके शिंद्यांबरोबर सगळीकडेच गेले होते, एखादी शाखा हॉकीत गेली असेल.

रात्री मुलींच्या मुक्कामी गेलो. तीन फोनवर तीन टोळकी, रांचीहून महिलांच्या हॉकी इंडिया लीगचा सामना चाललेला. महिलांची लीग यंदा पहिल्यांदाच होते आहे, फक्त चार संघ. आमच्या मुली कुठल्या संघाच्या बाजूने? कुठल्याच नाही. ओळखीची पोरगी चेंडूवर आली की तिच्या बाजूने.

शुक्रवार, २४ जानेवारी

आजचं लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

समोर झाशी, ध्यानचंदांचं गाव. आम्ही एकविसाव्या मिनिटाला गोल केला आणि ५७ व्या मिनिटापर्यंत १-० पुढे होतो. गोलकीपर एकदा उजव्या, एकदा डाव्या पोस्टला स्टिकने टकटक करते. शेवटच्या क्वार्टरमध्ये ती टकटक मला गॅलरीत ऐकू येत होती, इतकं मैदान शांत. तिचं शून्य तीन मिनिटांवर आलं होतं.

मग डीमध्ये गोंधळ, आमच्या बॅकचा पाय चेंडूवर, तोही नेमका गोलरेषेवर. पेनल्टी स्ट्रोक. साधारण साडेसहा मीटरांवरून एक पुश. गोलकीपर योग्य बाजूला झेपावली, चेंडू तिच्या ग्लव्हच्या वरून गेला. १-१.

सामना संपल्यावर ती हेल्मेट न काढता पंधरा मिनिटं बसली होती. कुणी जवळ गेलं नाही. कोच मॅडमनी फक्त पाण्याची बाटली तिच्या पायाशी ठेवली आणि निघून गेल्या. मला हे आवडलं. आमच्या काळी अशा वेळी पाच जण खांद्यावर हात ठेवायला यायचे, आणि मग रडूच यायचं.

पुढचा सामना नागपूर–रायपूर. मी नाइलाजाने बसलो. नागपूरने ४-० मारलं. आता झाशी पाच, आम्ही चार, नागपूर चार. नागपूरचा गोलफरक अधिक एक, आमचा उणे चार. उद्या आमची गाठ नागपूरशीच. जिंकलो तर आत. बरोबरी झाली तर नागपूर आत, आम्ही बाहेर. याहून सोपा हिशेब मी टपाल खात्यात चाळीस वर्षांत केला नाही.

घरी मामीला निकाल आधीच कळला होता. कुठून, देव जाणे. रव्याचे लाडू वळत होती. ‘‘उद्या नेईन म्हणते पोरींसाठी.’’ कुठल्या पोरींसाठी, ते मी विचारलं नाही.

शनिवार, २५ जानेवारी

बॅग भरून ठेवली. गाडी रात्रीची. सकाळी ती दारामागे ठेवताना असं वाटलं, की आपण कुणाच्या तरी पाठीमागे काहीतरी करतोय.

मैदानावर मामा माझ्या डावीकडे, मामी उजवीकडे. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा. आज धुकं कमी होतं, दहाच्या सामन्याला सव्वादहाला सुरुवात.

पहिली दोन क्वार्टर नुसती ढकलाढकली. नागपूरला बरोबरी चालणार होती, आणि त्या तसंच खेळत होत्या. चेंडू मिळाला की साइडलाइनला न्यायचा, तिथे फाउल मिळवायचा, आरामात हिट घ्यायची. मी वैतागलो, मामी खूश. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३८ व्या मिनिटाला त्यांना शॉर्ट कॉर्नर मिळाला. (नवीन लोक पेनल्टी कॉर्नर म्हणतात, माझ्या तोंडातून शॉर्ट कॉर्नरच येतं.) साधा, सरळ, गोलकीपरच्या उजवीकडे फळीवर खणकन. ०-१.

मामीने टाळी वाजवली. मग माझ्याकडे बघून हात पदराखाली घेतले.

चौथं क्वार्टर सुरू झालं तेव्हा मी घड्याळाकडे बघत होतो, सामन्याच्या नव्हे, माझ्या. सामना साडेअकरापर्यंत संपेल, जेवण, थोडी झोप, स्टेशन. सगळं वेळेत. आणि ४९ व्या मिनिटाला धाकटीने, जी तीन दिवस नुसती पळत होती आणि कुठेच पोचत नव्हती, डाव्या बाजूने बेसलाइनवरून आत घुसून चेंडू मागे खेचला. कॅप्टनने तो पहिल्याच फटक्यात जाळ्यात घातला. १-१. मी उभा राहिलो. गुडघ्याला कळायच्या आत बसलोही.

आता आम्हाला अजून एक हवा, त्यांना काहीच नको. ५६ व्या मिनिटाला कोच मॅडमनी हात वर केला आणि आमची गोलकीपर मैदानातून बाहेर पळत आली. पॅड घालून पळणं म्हणजे दोन्ही पायांना उशा बांधून पळणं. तिच्या जागी अकरावी खेळाडू. गोल मोकळा.

मामा म्हणाला, ‘‘हे काय? पोस्ट कोण पाहील?’’

मी म्हटलं, ‘‘कुणी नाही.’’

‘‘शाबास!’’ म्हणाला, आणि त्याचा चेहरा रेडिओवाल्या दिवसांचा झाला.

दोन मिनिटं राहिली असताना शॉर्ट कॉर्नर मिळाला. हा पूर्ण सीझन आमचे शॉर्ट कॉर्नर वाया गेले होते. फ्लिक मारणारी तीच, जागा तीच, उजवीकडे वर. सगळ्या लीगला पाठ झालेलं. नागपूरची पहिली रशर तर फ्लिकरच्या स्टिकवरच डोळे लावून रेषेवर वाकली होती, मांजर भांड्याकडे बघतं तशी. बेसलाइनवरून पुश आला, डीच्या टोकाला चेंडू थांबला, फ्लिकर वाकली, रशर तिच्या अंगावर धावली, आणि फ्लिकरने फ्लिक केलाच नाही. चेंडू हळूच डावीकडे सरकवला. तिथून तो परत पोस्टकडे, आणि ज्या मुलीने पुश केला होता ती तोवर चोरासारखी पोस्टजवळ येऊन उभी होती. स्टिक जमिनीला टेकवून. तिने मारलं नाही, चेंडूच तिच्या स्टिकला लागून आत गेला.

२-१.

हे त्या पिंपरीला सकाळी सहा वाजता रोज करत होत्या. मी जाळीबाहेरून बघत होतो आणि मनात म्हणायचो, कशाला वेळ घालवताय?

गोलकीपर परत आत पळाली. शेवटच्या मिनिटाला नागपूरला शॉर्ट कॉर्नर. भोंगा वाजला, पण शॉर्ट कॉर्नर पुरा होईपर्यंत सामना संपत नाही. त्यांच्या मुलीने पुन्हा तोच मारला, उजवीकडे, फळीकडे. गोलकीपरने डावा-उजवा असा काही विचार केलेला दिसला नाही, आडवीच पडली, आणि चेंडू तिच्या पायातल्या किकरच्या टोकाला लागून बाहेर गेला. मी गणित विसरलो होतो. मामाने मला सांगितलं, ‘‘अरे, आपण जिंकलो!’’ आपण.

मामी उठली, डबा घेऊन सरळ नागपूरच्या बेंचवर गेली. त्या मुली रडत होत्या. एकेकीच्या हातावर लाडू ठेवला. उरलेले चार-पाच आमच्याकडे घेऊन आली आणि कॅप्टनला म्हणाली, ‘‘घ्या. पण तो शेवटचा फसवून मारला, बरं का.’’

मग ती वेळ आली. मी सरांकडे पाहिलं, सर माझ्याकडे. सरांनी घसा साफ केला आणि मुलींना सांगायला सुरुवात केली की जरा तिकिटांचा थोडा बदल...

कॅप्टनने त्यांना अर्ध्यावर थांबवलं. ‘‘सर, शनिवारचं तिकीट आहे हे आम्हाला माहितीये. तुम्ही पहिल्याच दिवशी चुकून पीएनआर ग्रुपवर टाकला होता. मग डिलीट केला.’’

सर लाल. मी मुद्दाम बुटाची लेस बांधायला वाकलो. तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘आणि काका, तुमचंही.’’

‘‘माझं कसं कळलं?’’

‘‘तुम्ही बुधवारी आजोबांच्या नातवाला रद्द करायचे पैसे विचारले. त्याने माझ्या बहिणीला इन्स्टावर सांगितलं.’’

दुपारभर वीस अधिक एक तिकिटं रद्द करण्यात गेली. नवीन तिकिटं कधीची काढायची यावर सरांनी फार विचार केला. शेवटी दोन्ही काढली: रविवारची आणि मंगळवारची. दोन्ही वेटिंग. गोलकीपर म्हणाली, ‘‘सर, रविवारची कशाला?’’ सरांनी उत्तर दिलं नाही.

रविवार, २६ जानेवारी

आठ वाजता मैदानावर झेंडावंदन. चारही संघ ओळीत, मग बुंदीचे लाडू. मामा नेहरू शर्ट घालून आला होता.

सेमीफायनल भोपाळशी. तीन आठवड्यांपूर्वी १-३, आज २-३. आमचा दुसरा गोल शेवटच्या मिनिटात, तेव्हा ०-३ चं १-३ झालेलं होतं, म्हणजे शेवटी जवळ आलो एवढंच. भोपाळच्या मुली प्रत्येक चेंडूवर आमच्यापेक्षा अर्धं पाऊल आधी होत्या. तक्रार नाही.

सरांचं रविवारचं तिकीट कामाला आलं. कुणी काही बोललं नाही, पण कॅप्टनने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मंगळवारची तिकिटं तिच्यासमोरच रद्द केली.

निघताना मामीने गजकचे चार डबे दिले. एकावर खडूने ‘गोलकीपर’ लिहिलं होतं. मामाने माझ्या हातात काही दिलं नाही. दारात उभं राहून फक्त म्हणाला, ‘‘रूपसिंगचे दहा. सांगशील त्या पोरींना, विसरू नका.’’

दुपारची गाडी संध्याकाळी आली. सगळ्या तिकिटांत मिळून सात बर्थ पक्के, बाकी वेटिंग. मला खालच्या बाजूचं अर्धं आसन. एका बर्थवर तीन-तीन मुली, गोलकीपरचे ओले पॅड पंख्याच्या जाळीला बांधलेले. वासाचं वर्णन करत नाही.

ललितपूरच्या आसपास फोनवर रांचीची फायनल. ओडिशा वॉरियर्स आणि सूरमा. नेटवर्क येतं, जातं. आलं की चित्र दोन मिनिटं पुढे गेलेलं. ओडिशाचा पहिला गोल आम्ही पाहिलाच नाही, नेट आलं तेव्हा नुसता आकडा बदललेला. मग सूरमाने बरोबरी केली. तेव्हा कळलं की ओडिशाचा गोल ऋतुजा पिसाळचा होता. सातारा जिल्ह्यातली पोरगी. आता मात्र सगळा डबा ओडिशाचा झाला. पलीकडच्या बर्थवरचे एक लखनौचे काकाही.

५६ व्या मिनिटाला नेट होतं. चित्र अडकलं नाही. चेंडू डीमध्ये आला, आणि पुन्हा ऋतुजाच. २-१. आमच्या गोलकीपरने वरच्या बर्थवरून इतक्या जोरात हात आपटला की पॅड सुटून माझ्या डोक्यावर पडलं.

सामना संपल्यावर मी मामाला फोन लावला. तो जागा होता. सांगितलं, फायनलचे दोन्ही गोल एका मराठी मुलीने मारले, साताऱ्याकडची आहे.

‘‘साताऱ्याची?’’ मामा म्हणाला. ‘‘शिंदेही तिकडचेच ना, कण्हेरखेडचे. मग आमचीच झाली.’’ मागून मामीचा आवाज आला, ‘‘नागपूरची नाही का कुणी त्यात?’’